सात महिन्यांच्या बाळाच्या हृदयात साखर सापडली, आणि वैद्यकशास्त्राला एक नवा आजार कळला : डॉ. पॉम्पे यांची गोष्ट

पॉम्पे म्हटलं की बहुतेकांना इटलीतलं ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं शहर आठवतं. पण लहान मुलांच्या डॉक्टरांना किंवा न्यूरोलॉजिस्टला विचारा, त्यांना एक आजार आठवेल. स्नायू हळूहळू निकामी करणारा, आईवडिलांकडून मुलाकडे येणारा, आणि ओळखायला हमखास उशीर होणारा आजार.

या आजाराचा त्या शहराशी काहीही संबंध नाही. तो ओळखला जातो एका डच डॉक्टरच्या नावानं. योआनेस कासियानस पॉम्पे असं त्यांचं पूर्ण नाव. त्यांनी हा आजार शोधला तेव्हा ते तिशीतही पोचले नव्हते किंवा नुकतेच पोचत होते. आणि वयाच्या ४३ व्या वर्षी नाझींनी त्यांना गोळ्या घातल्या.

त्यांनी जे पाहिलं त्याचा पूर्ण अर्थ लागायला पुढची ३० वर्षं गेली. औषध यायला ७० हून जास्त.

एका बाळाचं पोस्टमॉर्टेम

पॉम्पे यांचा जन्म ९ सप्टेंबर १९०१ चा, नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहरातला. डॉक्टरकीचं शिक्षणही तिथल्याच विद्यापीठात झालं. पुढे त्यांनी पॅथॉलॉजी निवडली. म्हणजे रुग्ण तपासून औषध देणारे डॉक्टर नव्हे, तर रुग्ण कशानं गेला हे मृत्यूनंतर शोधणारे डॉक्टर.

२७ डिसेंबर १९३० या दिवशी त्यांच्यासमोर सात महिन्यांच्या एका मुलीचं शव आलं. पोस्टमॉर्टेम करताना एक गोष्ट लगेच लक्षात आली. तिचं हृदय प्रमाणाबाहेर मोठं होतं.

लहान बाळांचं हृदय असं वाढल्याच्या केसेस तोपर्यंत डॉक्टरांनी पाहिल्या होत्या. झडपेत दोष नाही, जन्मजात छिद्र नाही, तरी हृदय फुगलेलं. अशा वेळी कागदावर लिहिलं जायचं, अज्ञात कारणानं झालेली हृदयाची वाढ. फाईल तिथेच बंद व्हायची.

पॉम्पे यांनी फाईल बंद केली नाही. त्यांनी हृदयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

निरोगी हृदयाचे स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवलेल्या दोरांसारखे, भरीव दिसतात. इथे ते जाळीसारखे दिसत होते. प्रत्येक पेशीच्या मध्यभागी मोठी पोकळी, आणि आकुंचन पावणारे धागे बाजूला, कडेला ढकललेले. म्हणजे हृदय मोठं होतं, पण त्यात ताकद देणारा स्नायू वाढलेला नव्हता. आत दुसरंच काहीतरी साठलं होतं.

हे दुसरं काहीतरी म्हणजे ग्लायकोजेन, असा निष्कर्ष पॉम्पे यांनी काढला.

ग्लायकोजेन म्हणजे काय?

आपण भात, भाकरी, बटाटा खातो. त्यातून ग्लुकोज तयार होतं. जेवढं लगेच लागतं तेवढं शरीर वापरतं. उरलेल्या ग्लुकोजच्या साखळ्या जोडून शरीर एक मोठा रेणू बनवतं आणि तो यकृतात आणि स्नायूंमध्ये ठेवून देतं. हाच ग्लायकोजेन. घरात कणगीत धान्य भरून ठेवावं तसा हा साठा. गरज पडली की शरीर त्यातून पुन्हा ग्लुकोज काढून घेतं.

म्हणजे ग्लायकोजेन हे काही विष नाही. ते प्रत्येकाच्या शरीरात असतं. प्रश्न असा होता की या बाळाच्या हृदयात ते एवढं का साठलं, आणि साठलेलं बाहेर का पडलं नाही?

थोडंसं आधी, १९२९ मध्ये, एडगर फॉन गियर्के नावाच्या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं यकृत आणि मूत्रपिंडात ग्लायकोजेन साठल्यामुळे होणाऱ्या आजाराचं वर्णन केलं होतं. पॉम्पे यांनी आपल्या केसचा धागा त्याच्याशी जोडला. गियर्के यांच्या रुग्णांत साठा यकृत आणि मूत्रपिंडात होता, इथे हृदयात होता. शिवाय पॉम्पे यांना तो इतर अवयवांतही सापडला. म्हणजे बिघाड एकट्या हृदयाचा नव्हता. अख्ख्या शरीराची ग्लायकोजेन हाताळण्याची यंत्रणा बिघडली होती आणि हृदयाला त्याचा सगळ्यात मोठा फटका बसला होता.

१९३२ मध्ये त्यांचा लेख डच वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जर्मनीतही अशाच केसचं वर्णन छापून आलं. पण पॉम्पे तिथेच थांबले नाहीत. त्यांनी हा विषय पुढे नेला आणि १९३६ मध्ये त्यावरच डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. पुढे या आजाराला त्यांचंच नाव चिकटलं.

त्यानंतर ते पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करत राहिले. १९३९ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅममध्ये रुजू झाले. पुढच्याच वर्षी सगळं बदललं.

प्रयोगशाळेतला ट्रान्समीटर

१० मे १९४० ला जर्मनीनं नेदरलँड्सवर हल्ला केला. पाच दिवसांत डच सैन्यानं शरणागती पत्करली. नंतर ज्यूंची नोंदणी झाली, मग कपड्यांवर पिवळा तारा लावण्याची सक्ती आली, मग छळछावण्यांकडे जाणाऱ्या रेल्वेगाड्या सुरू झाल्या.

डच डॉक्टरांवरही नाझींनी आपली संघटना लादली. त्याला विरोध म्हणून १९४३ मध्ये हजारो डॉक्टरांनी आपल्या पाट्यांवरची डॉक्टर ही उपाधी झाकून टाकली. आम्ही डॉक्टरच नाही, मग तुमचे नियम आम्हाला लागू कसे, असा तो बिनआवाजाचा बंड होता.

पॉम्पे यांनी त्याहून धोक्याची वाट धरली. ते भूमिगत चळवळीत सामील झाले. ज्यू लोकांना लपायला जागा मिळवून देण्याच्या कामात त्यांनी मदत केली. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात त्यांच्या प्रयोगशाळेत एक रेडिओ ट्रान्समीटर लपवण्यात आला. त्यावरून सांकेतिक संदेश इंग्लंडला पाठवले जायचे.

याचा अर्थ काय होता ते समजून घ्यायला हवं. ट्रान्समीटर चालू झाला की तो कुठून बोलतोय हे जर्मनांना यंत्रांच्या मदतीनं शोधता यायचं. पकडलं गेल्यावर सुटका नव्हती. १९४४-४५ चा तो हिवाळा डच लोक आजही भुकेचा हिवाळा म्हणून ओळखतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते. देशाचा दक्षिण भाग मुक्त झाला होता, पण अ‍ॅमस्टरडॅम अजून जर्मनांच्या ताब्यात होतं.

२५ फेब्रुवारी १९४५, रविवार. जर्मनांनी प्रयोगशाळेवर छापा घातला. ट्रान्समीटर सापडला. पॉम्पे यांना अटक झाली.

पुढचे सात आठवडे ते कैदेत होते. एप्रिलमध्ये डच भूमिगतांनी सिंट पान्क्रास या गावाजवळचा रेल्वे पूल उडवला. नाझींची पद्धत ठरलेली होती. बाहेर घातपात झाला की तुरुंगातल्या कैद्यांना त्याची किंमत मोजायला लावायची. १५ एप्रिल १९४५ ला सिंट पान्क्रास इथे २० कैद्यांना उभं करून गोळ्या घालण्यात आल्या. पूल उडवण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांतले एक डॉ. पॉम्पे होते.

बरोबर २० दिवसांनी, ५ मे १९४५ ला, नेदरलँड्समधल्या जर्मन सैन्यानं शरणागती पत्करली.

कोडं सुटलं ते १९६३ मध्ये

पॉम्पे गेले तेव्हा त्यांच्या आजाराबद्दल मुख्य प्रश्न तसाच होता. साठा आहे हे कळलं होतं, साठा होतो का हे कळलं नव्हतं.

नोबेल विजेत्या गेर्टी कोरी यांनी १९५० च्या दशकात ग्लायकोजेन साठण्याचे आजार वेगवेगळे करून त्यांना क्रमांक दिले. पॉम्पे आजार झाला दुसऱ्या क्रमांकाचा. गियर्के आजारात कुठलं एन्झाईम कमी पडतं हे त्यांनी शोधून काढलं. पॉम्पे आजार मात्र दाद देत नव्हता. या बाळांच्या रक्तातली साखर व्यवस्थित असायची. साठलेल्या ग्लायकोजेनची रचनाही अगदी नेहमीची. ग्लायकोजेन तोडणारी त्या वेळी माहीत असलेली एन्झाईम्सही जागेवर. मग अडलं कुठे?

उत्तर आलं बेल्जियममधून. तिथल्या क्रिस्तियाँ द ड्यूव यांनी १९५५ मध्ये पेशीच्या आतला एक नवा भाग शोधला. त्याचं नाव लायसोसोम. पेशीतली जुनी, खराब झालेली सामग्री या छोट्या पिशव्यांमध्ये जाते आणि तिथे तिचे तुकडे होतात. पेशीचा कचरा डेपो आणि भंगार कारखाना, दोन्ही एकत्र. या कामासाठी द ड्यूव यांना १९७४ चं नोबेल मिळालं.

त्यांचे सहकारी हेन्री-जेरी हेर्स यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की पॉम्पे आजाराच्या मुलांत लायसोसोममधलं एक एन्झाईम नसतं. अ‍ॅसिड अल्फा ग्लुकोसायडेज हे त्याचं नाव. लायसोसोममध्ये गेलेल्या ग्लायकोजेनचे तुकडे करणं हे त्याचं काम.

आता सगळं जुळलं. शरीराची रोजची ग्लुकोज काढण्याची व्यवस्था शाबूत, म्हणून रक्तातली साखर ठीक. पण लायसोसोममध्ये जे ग्लायकोजेन गेलं ते तिथेच अडकलं. पिशव्या फुगत गेल्या, फुटल्या आणि स्नायूंची मोडतोड झाली. पॉम्पे यांनी १९३० मध्ये ज्या पोकळ्या पाहिल्या होत्या त्यांचा उलगडा असा ३३ वर्षांनी झाला.

लायसोसोमच्या बिघाडामुळे होणारा म्हणून ओळखला गेलेला हा पहिला आजार. आज असे ५० हून जास्त आजार माहीत आहेत.

हा आजार ओळखायचा कसा?

पॉम्पे आजार दुर्मिळ आहे. साधारण ४० हजार जन्मांमागे एक असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. जनुकाची एक सदोष प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आली तरच तो होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत आहे. अशा नात्यातल्या लग्नांत दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते.

बाळांमध्ये हा आजार पहिल्या काही महिन्यांतच दिसतो. बाळ मान धरत नाही. उचललं तर अंग सैल, कापडाच्या बाहुलीसारखं. दूध ओढताना दमतं, घाम येतो, वजन वाढत नाही. छातीत वारंवार कफ होतो. काहींची जीभ मोठी दिसते. न्यूमोनियासाठी एक्सरे काढला जातो आणि त्यात हृदय मोठं दिसतं. सैल अंग आणि मोठं हृदय हे दोन्ही एकत्र दिसलं की पॉम्पेचा विचार व्हायलाच हवा. उपचार नसेल तर अशी बहुतेक बाळं पहिला वाढदिवस पाहत नाहीत.

दुसरा प्रकार जास्त फसवा. १९६० च्या दशकात कळलं की हा आजार मोठ्या मुलांत आणि प्रौढांतही असतो. त्यांच्यात थोडंफार एन्झाईम काम करत असतं, म्हणून वेग कमी. हृदय बहुतेक वेळा ठीक असतं. मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावे लागतात. जिना चढताना कठडा धरावा लागतो. धावण्यात मूल कायम मागे पडतं. घरचे आळशी म्हणतात, शाळा लक्ष देत नाही, डॉक्टर कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व लिहून देतात.

यात एक खूण महत्त्वाची आहे. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा स्नायू, या आजारात लवकर कमकुवत होतो. त्यामुळे माणूस अजून चालतो फिरतो, पण उताणं झोपलं की श्वास अडतो. झोप नीट लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर पेंग येते. पाय चालतात पण झोपल्यावर दम लागतो, हे बहुतेक इतर स्नायूंच्या आजारांत इतक्या लवकर दिसत नाही.

दुसरी फसगत रक्ताच्या रिपोर्टमध्ये होते. एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले दिसले की सगळ्यांचं लक्ष लिव्हरकडे जातं. पण ही दोन्ही एन्झाईम्स स्नायूंमध्येही असतात. स्नायू झिजत असेल तरी ती वाढतात. अशा वेळी सीपीके नावाची साधी रक्तचाचणी केली तर दुखणं स्नायूचं असू शकतं हे समोर येतं. ती न केल्यामुळे काही रुग्ण लिव्हरच्या तपासण्यांतच अडकून पडतात.

स्नायूंच्या चयापचयाचे सगळे आनुवंशिक आजार मात्र असे दिसत नाहीत. १९५१ मध्ये लंडनच्या ब्रायन मॅकआर्डल यांनी वर्णन केलेल्या आजारातही स्नायूत ग्लायकोजेन अडकतं, पण कारण वेगळं. तिथे स्नायूला ऐन कामाच्या वेळी इंधनच मिळत नाही. माणूस बसलेला असताना ठीक. जोर लावला की गोळे येतात, स्नायू दुखतात, कधी लघवी काळपट होते. थोडं थांबून पुन्हा चाललं की बरं वाटतं. सोप्या भाषेत, कष्ट केल्यावर दुखणं आणि लघवीचा रंग बदलणं हे एका गटाचं लक्षण. दुखण्याशिवाय वाढत जाणारा अशक्तपणा हे दुसऱ्या गटाचं. पॉम्पे दुसऱ्या गटातला.

पक्कं निदान कसं होतं?

पूर्वी स्नायूचा तुकडा काढून तपासायचे. पण मोठ्या वयाच्या रुग्णात घेतलेला तुकडा कधीकधी चांगल्या भागातून येतो आणि रिपोर्ट चक्क नॉर्मल निघतो. आता सुरुवात रक्ताच्या काही थेंबांनी होते. ते खास कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात आणि एन्झाईम किती काम करतंय ते मोजतात. कमी आलं तर दुसऱ्या नमुन्यावर खात्री करतात आणि शेवटी जनुकाची तपासणी होते. हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे.

जनुकाची तपासणी का लागते? कारण आशियातल्या काही लोकांत एन्झाईम चाचणीत कमी दिसतं, पण त्यांना आजार नसतो. फक्त एका आकड्यावर शिक्का मारता येत नाही.

फुप्फुसाची क्षमताही दोनदा मोजतात, एकदा बसवून आणि एकदा झोपवून. दोन आकड्यांत मोठा फरक पडला तर श्वासपटल कमकुवत आहे हे कळतं.

सशाच्या दुधातून औषध

एन्झाईम नाही म्हणून आजार, तर एन्झाईम बाहेरून द्या. ऐकायला सोपं, करायला अवघड. १९९९ मध्ये पॉम्पे यांच्याच देशात, रॉटरडॅममध्ये, चार बाळांवर प्रयोग सुरू झाला. त्यांना दिलेलं मानवी एन्झाईम जनुकबदल केलेल्या सशांच्या दुधातून काढलेलं होतं. बाळांची हृदयं आकारानं लहान व्हायला लागली.

पुढे हेच एन्झाईम प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमधून बनवायला लागले. २००६ मध्ये युरोप आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून, आयुष्यभर. नंतर सुधारित औषधंही आली.

हे औषध साठा कमी करतं, पण मोडलेला स्नायू पूर्ववत करू शकत नाही. म्हणून निदानाची तारीख इथे सगळ्यात महत्त्वाची. तैवाननं २००५ पासून नवजात बाळांची पॉम्पेसाठी तपासणी सुरू केली. लक्षणं ठळक होण्याआधी उपचार मिळालेली बाळं उशिरा निदान झालेल्या बाळांपेक्षा बरीच चांगली वाढली.

भारतात सगळ्या नवजात बाळांची अशी सरसकट तपासणी होत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात पॉम्पेचा समावेश आहे. ठरवून दिलेल्या केंद्रांमधून उपचारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांपैकी एक. पण औषधाचा डोस वजनावर ठरतो. मूल वाढतं तसा खर्चही वाढतो, आणि ५० लाख आयुष्यभर पुरत नाहीत. मदत संपल्यावर काय, हा प्रश्न अनेक कुटुंबांसमोर आहे.

१५ एप्रिल हा दिवस आता जगभर आंतरराष्ट्रीय पॉम्पे दिवस म्हणून पाळला जातो. जन्मतारखेऐवजी त्यांना गोळ्या घातल्या तो दिवस निवडला गेला.

अज्ञात कारण एवढं लिहून सोडून देता आलं असतं. त्यांनी सोडलं नाही. आज एखाद्या दवाखान्यात अंग सैल पडलेलं बाळ येतं, डॉक्टर त्याच्या छातीचा एक्सरे पुन्हा एकदा नीट बघतात आणि रक्ताचे चार थेंब कागदावर घेतात, तेव्हा त्या मुलीला न मिळालेली संधी या बाळाला मिळते.